उशाशी वीजघर

अमेरिकेतल्या मोटरहोमला खालच्या अंगाला बाहेरून उघडणारे कप्पे असतात. एकात पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याची नळी, एकात घडीच्या खुर्च्या, एकात प्रोपेनची टाकी. त्यांतला एक कप्पा जरा वेगळा दिसतो. दाराला फटी, आतून जाड पत्रा आणि तळाला भलीमोठी भोकं. नवख्याला वाटावं, कुणीतरी काम अर्धवट टाकून गेलंय. तो जनरेटरचा कप्पा. त्यातलं खरं काम ती भोकंच करतात. पत्रा काय, कुणीही ठोकेल.

फिनिक्सच्या आमच्या एका मित्राने निवृत्तीनंतर जुनं मोटरहोम घेतलं. तो सांगलीचा, म्हणून इथे सगळे त्याला सांगलीकरच म्हणतात. आधीच्या मालकाने मूळचा जनरेटर काढून वेगळा विकला होता, त्यामुळे तो कप्पा रिकामा. रिकामी जागा मराठी माणसाला बघवत नाही. बाल्कनी दिसली की आपण काचा लावून ती आत घेतो, जिन्याखाली कोनाडा दिसला की तिथे पिंपं रचतो. सांगलीकरकडे एक लाल होंडा होता, हँडल धरून उचलायचा पोर्टेबल जनरेटर. कप्प्याची मापं त्याने आधीच घेऊन ठेवली होती. होंडा आत गेल्यावर चहूबाजूंनी दोन-दोन बोटं जागा उरत होती आणि या योगायोगावर स्वारी बेहद्द खूश होती.

“तू पॉवर स्टेशनवाल्याचा मुलगा. ये, बघ आणि शाबासकी दे,” असा फोन आला.

त्याची कारणं ऐकली तर कुणालाही पटावीत. होंडाचं वजन एकवीस किलोच्या आसपास. पासष्टीनंतर ते ओझं दर मुक्कामी उचलून खाली ठेवायचं, निघताना पुन्हा वर चढवायचं, हे कमरेचं काम. बाहेर ठेवला तर पाऊस, धूळ आणि चोर. जे यंत्र मालकाला एका हाताने उचलता येतं ते चोरालाही येतं. शिवाय आवाज. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत नियमच आहे, पन्नास फुटांवर साठ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. योसेमिटीत तर जनरेटर लावायच्या वेळा ठरवून दिल्यात : सकाळी सात ते नऊ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी पाच ते सात. एरवी शेजारचा तंबूवाला येऊन दारात उभा राहतो. कप्प्यात ठेवला, दार लावलं, की आवाज निम्म्यावर येईल, पाऊस लागणार नाही, चोराला दिसणार नाही. हे सगळं सांगून झाल्यावर सांगलीकरने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी एकच विचारलं, “भावजी, हे बरोबर माझ्या उशाखाली येतंय ना?”

येत होतं. मोटरहोमच्या मागच्या बाजूला पलंग, पलंगाखाली प्लायवूड, प्लायवूडखाली तो कप्पा. आम्हा दोघांच्या एवढ्या बोलण्यात नेमका मुद्दा बाईंनी पकडला होता.

मोटरहोममध्ये मूळचा जो जनरेटर येतो तो बहुतेकदा ओनान. मिनियापोलिसला १९२० साली सुरू झालेली कंपनी, आता कमिन्सची. कमिन्स म्हणजे पुणेकरांना घरचंच नाव, किर्लोस्कर कमिन्स कोथरूडला आली १९६२ मध्ये. हा ओनान आपल्या होंडाच्या जवळजवळ चौपट जड असतो, त्याला हँडल नसतं आणि कप्प्यातून बाहेर काढून तो चालवता येत नाही. जन्मालाच तो कप्प्यासाठी आलेला. पेट्रोल गाडीच्याच टाकीतून घेतो, पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत पोचू देत नाहीत. टाकी पावभर उरली की जनरेटर आपोआप बंद पडतो, म्हणजे रात्रभर एसी लावून झोपलेला माणूस सकाळी पेट्रोल पंपापर्यंत तरी जाऊ शकतो. ज्याने ही नळी आखूड ठेवली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. गार हवा कुठून घ्यायची, तापलेली कुठे सोडायची, याचा त्यात कोपरान् कोपरा ठरलेला. धुराची नळी गाडीखालून निघून गाडीच्या कडेच्या बाहेर येते. आणि कप्पा व घर यांच्यामध्ये वायूला शिरायला फट राहू नये, अशी व्यवस्था. आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्या, बांधणाऱ्यांसाठी एनएफपीए ११९२ हे मानक आहे, त्यातही जनरेटरच्या जागेवर चांगलीच नजर ठेवलेली आहे.

पोर्टेबल जनरेटरचा जन्मच वेगळा. एका अंगाने हवा आत, मागच्या जाळीतून धूर आणि तापलेली हवा बाहेर, एवढाच त्याचा संसार. बाकीची सगळी व्यवस्था आकाशाने करायची. त्याच्या भोवती मोकळी हवा असणार हे कारखान्यात गृहीत धरलेलं असतं. इतकं, की ती हवा हा त्याचा एक सुटा भागच समजायला हवा. फक्त तो खोक्यात घालून देत नाहीत.

मी विजेच्या बिलाच्या मागे आकडे मांडले. ही खोड वडिलांची. होंडाची टाकी साडेतीन लिटरच्या जरा वर. पूर्ण भारावर ती तीन तासांहून थोडी जास्त पुरते. म्हणजे तासाला लिटरहून थोडं अधिक पेट्रोल. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा, म्हणजे तासाला दहा युनिट पोटात गेली. वायरीतून बाहेर किती येतात? १.८. पाचवा हिस्सासुद्धा नाही. उरलेली आठ युनिटं कुठे जातात? काही धुराबरोबर, काही इंजिनाच्या अंगावरून, पण जातात सगळी उष्णता होऊन. खोली तापवायचे पाच हीटर एका ट्रंकेएवढ्या कप्प्यात लावून दार बंद केलं, तर जे होईल ते होणार. शिवाय पहिल्या दहा मिनिटांनंतर इंजिन ओढतं ती हवा स्वतःच तापवून टाकलेली, स्वतःच उष्टी केलेली. तोंडावरून दुलई घेऊन पळायला लावावं, तशी त्याची गत होते. ताकद घटते, प्लास्टिक मऊ पडतं आणि प्राणवायू कमी पडल्यामुळे पेट्रोल नीट जळत नाही.

“पंखे लावू की,” सांगलीकर म्हणाला. “दोन कॉम्प्युटरचे पंखे. दाराला अजून भोकं पाडू. एक्झॉस्टला लवचिक स्टीलची नळी जोडून खालून काढू.”

लोक करतात हे. नळी जोडतात, कापडासारखी उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात, कप्प्याला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रॉकवूल लावतात. साडेतीन लिटर पुरत नाही म्हणून बोटीला असते तसली जादा टाकी शेजारच्या कप्प्यात ठेवून तिची नळी जनरेटरच्या झाकणात देतात. कामं बघावीत अशी असतात, हात लागलेला असतो. पण पोर्टेबलच्या सायलेन्सरचं तोंड नळी जोडण्यासाठी केलेलं नसतं. तिथे जोड बसतो तो ओढूनताणून, आणि खडबडीत रस्त्यावर हजार मैल हादरे खाल्ल्यावर ओढूनताणून बसवलेला जोड काय करतो हे सांगायला इंजिनिअर नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचत जाते. त्याच भिंतीवर चार हात पुढे गॅसवर चालणारा फ्रिज. फ्रिजच्या पाठीमागे ज्योत. सांगलीकरने फ्रिजचा विचारच केला नव्हता, कारण फ्रिज म्हटल्यावर विस्तव कुणाच्या डोळ्यांपुढे येतो?

आणि या सगळ्याच्या वर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट ओढीने त्याला धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, अंग गळून जातं. प्रवासात दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला हे सगळं साहजिक वाटतं. तो म्हणतो, जरा पडतो. झोपलेल्याला तर तेवढाही इशारा मिळत नाही. अमेरिकेत पोर्टेबल जनरेटरच्या या वायूने दरवर्षी शंभराच्या आसपास माणसं जातात. २००७ पासून प्रत्येक पोर्टेबल जनरेटरवर ठसठशीत पट्टी लावणं सक्तीचं आहे : घरात चालवाल तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. ‘अपाय होऊ शकतो’ वगैरे सरकारी मिळमिळीत भाषा नाही, सरळ जीव जाण्याची. सरकारी संस्था सांगतात ते अंतर वीस फूट, तेही धुराचं तोंड घराच्या उलट्या दिशेला करून. सांगलीकरच्या बेतात हे अंतर प्लायवूड आणि गादी मिळून फूटभर भरत होतं.

त्याचा होंडा जुना होता. अलीकडच्या अनेक पोर्टेबल जनरेटरांत एक संवेदक बसवलेला असतो. आजूबाजूला मोनॉक्साइड वाढला की तो इंजिनच बंद करून टाकतो. असला नवा जनरेटर कप्प्यात ठेवून दार लावलं तर काही मिनिटांत गप्प होईल. मग लोक विचारतात, तो संवेदक काढता येतो का? यावर मी बोलणं थांबवतो.

वीस फूट हा आकडा माझ्या डोक्यात मात्र घोळत राहिला, आणि त्याचं कारण माझं लहानपण आहे. मी चंद्रपूरचा, ऊर्जानगर वसाहतीतला. वडील औष्णिक वीज केंद्रात. ऊन म्हणजे काय हे मला ॲरिझोनाने शिकवण्याची गरज पडली नाही. आमच्याकडे दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घडी करायचे, हा घराचा नियम होता. तो राखेमुळे होता हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. त्याआधी वाटायचं, कपडे वाळवायची रीतच तशी. खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं की करडी रेघ उमटायची आणि आई ती रेघ बघून वाऱ्याची दिशा सांगायची.

चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत एक उच्चदाबाची लाइन जाते, एकदिश प्रवाहाची, ७५२ किलोमीटर लांब. १९९९ साली ती सुरू झाली तेव्हा वडिलांना कोण अभिमान. जेवताना ताटात बोटाने रेघ ओढून त्यांनी आम्हाला तिचा मार्ग दाखवला होता. मुंबईत मामाकडे गेलो की मला गंमत वाटायची : इथे दिवे आहेत, लिफ्ट आहे, आणि राख कुठेच नाही. मामीच्या खिडकीचे गज स्वच्छ. वीज साडेसातशे किलोमीटर चालून आली होती आणि धूर आमच्याकडेच राहिला होता. मुंबईकरांनी काही चोरलं असं मी म्हणत नाही. पण वीज स्वच्छ असते ही समजूत फक्त धुरापासून लांब राहणाऱ्याला परवडते.

ॲरिझोनात हेच दुसऱ्या वेषात भेटलं. उत्तरेला पेज नावाचं गाव आहे, पॉवेल सरोवराच्या काठी. त्याच्या शेजारी नॅव्हाहो लोकांच्या भूमीवर कोळशाचं वीज केंद्र होतं, २,२५० मेगावॉटचं. ७७५ फुटांची तीन धुराडी होती त्याला. त्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटातून उपसून फिनिक्स आणि टूसानपर्यंत आणलं जायचं. आम्ही नळ सोडायचो तेव्हा पेजला कोळसा जळत असायचा. आणि त्याच नॅव्हाहो भूमीवर हजारो घरांत वीज नव्हती. लोक साध्या पेट्रोलच्या जनरेटरवर रात्र काढायचे, अजूनही काढतात. केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालं, पुढच्या वर्षी डिसेंबरात तिन्ही धुराडी सुरुंग लावून पाडली. काही सेकंदांत आडवी झाली. चित्रफीत बघताना वडील हवे होते असं वाटलं. त्यांना आवडलं असतं की वाईट वाटलं असतं, ते काही सांगवत नाही.

मोटरहोम हे अंतर मोडून टाकतं. मुक्कामाच्या जागेवरल्या विजेच्या खांबाला प्लग लावून राहिलात तोवर तुम्ही मुंबईकर. खांब नसलेल्या रानात गेलात की वीज केंद्र तुमचं, कोळसा तुमचा, राखही तुमची. मला हा प्रकार एकंदरीत न्याय्य वाटतो. एक खोली गार ठेवायला केवढी धडपड लागते हे कानांनी ऐकू येतं, नाकाला कळतं, खिशाला कळतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग एकतीस दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली राहिलाच नाही. तेव्हा घरातला एसी महिनाभर चालला आणि आम्ही त्याचा विचार बिल आल्यावरच केला. मोटरहोमच्या छतावरचा तसलाच एक लहान एसी होंडावर चालवून बघा : कॉम्प्रेसर सुरू होताना जनरेटर असा काही कण्हतो की माणूस आपसूक पंखा लावून बघू म्हणतो. फ्लॅगस्टाफला सात हजार फुटांवर गेलात तर विरळ हवेमुळे इंजिनाची जवळजवळ पावभर ताकद जाते. सुदैवाने तिथे एसी लागतही नाही. निसर्ग कधी कधी हिशेब नीट जुळवून देतो.

सांगलीकरला कप्पा हवा होता तो खरं म्हणजे हे ऐकू येऊ नये म्हणून. धूर दिसू नये, आवाज येऊ नये, बटण दाबलं की गार हवा यावी. साडेसातशे किलोमीटरची सोय त्याला फूटभर जागेत बसवायची होती. त्याला एकट्याला का बोल लावा? वीज वापरणारा प्रत्येक माणूस असाच वागतो, फक्त बहुतेकांचा कप्पा चंद्रपूरला असतो.

हे अमेरिकेचे चोचले आहेत, आपल्याकडे कुठे मोटरहोम, असं वाटत असेल तर एक बातमी आठवा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटर चालू ठेवून, एसी लावून ती झोपली होती. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा निष्पन्न झालं की जनरेटरचा वायू गाडीच्या तळाच्या भोकातून आत शिरला. त्या दोघांनी जगावेगळं काही केलं नव्हतं. दमून आलेली माणसं गारव्याला झोपतात तशी ती झोपली. महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आणलं. चित्रपटवाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन तर मुंबईत कधीपासून आहेत. ट्रकच्या सांगाड्यावर हौशीने घर बांधणारे कारागीर आपल्याकडे भरपूर, आणि त्यांचा हात सांगलीकरपेक्षा कितीतरी सफाईदार. म्हणूनच काळजी वाटते. सफाईदार कामाखाली भोक दिसत नाही.

सांगलीकर दोन दिवस फुरंगटून होता. मग त्याने जे केलं ते मला अजून आवडतं. कप्पा त्याने खालून पत्रा मारून बंद केला आणि त्यात लिथियमच्या दोन बॅटऱ्या बसवल्या. छतावर सोलरची पॅनेलं टाकली. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, वहिनींचा मिक्सर त्यावर चालतात. होंडा विकला नाही. ढग आले, बॅटऱ्या उतरल्या की तो बाहेर काढतो, जाड केबल पूर्ण सोडतो आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला झाडाला किंवा दगडाला साखळीने बांधून दिवसाउजेडी तासभर चालवतो. उचलायला नातू लागतो आणि नातवाला ते आवडतं. आवाज होतो, शेजारी बघतात, मग वहिनी त्यांना चहा पाजतात. एसी लागेल अशा दिवसांत ते खांब असलेली जागा भाड्याने घेतात, पैसे मोजतात. हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हजारो आरव्ही उतरतात, तिथे तर एसीचा प्रश्नच येत नाही. रुळांवर सरकणारा ट्रे करून जनरेटर दाराबाहेर ओढून चालवावा, हा मधला मार्गही त्याने मला विचारून पाहिला. ट्रे उचलण्याचा त्रास वाचवतो, अंतर वाढवत नाही. धूर तिथेच, खिडकीखाली.

तेव्हा माझं मत सरळ आहे. जनरेटर कप्प्यातच हवा असेल तर कप्प्यासाठी जन्मलेला घ्या, परवाना असलेल्या माणसाकडून बसवून घ्या, दर प्रवासाआधी खाली वाकून धुराची नळी तपासा. ते परवडत नसेल तर पोर्टेबल बाहेर, लांब, आणि झोपण्याआधी बंद. पोर्टेबलला कप्प्यात घालायची चांगली पद्धत कोणती, हे मला कुणी विचारू नये.

आणि यंदा कोकणात किंवा आणखी कुठे भाड्याच्या कॅरव्हॅनने जाणार असाल तर किल्ली घेताना मालकाला दोन प्रश्न विचारा : जनरेटर कुठे आहे, आणि त्याचा धूर कुठून बाहेर पडतो? मग आत जाऊन कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शोधा. नसेल तर गाडी घेऊ नका. असेल तर भिंतीवरून काढून त्याची पाठ बघा. तिथे तारीख छापलेली असते. हे अलार्म साधारण पाच ते सात वर्षांनी निकामी होतात, आणि निकामी झालेल्या अलार्मचा हिरवा दिवासुद्धा कधी कधी लागलेलाच असतो.